ओळंब्याची तार

कामावर त्याला ओळंबा म्हणत. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्याने भिंतींवर तारा ठोकल्या आणि एकही तसूभर वाकडी गेली नाही. कोपरा आला की तार काटकोनात वळायची, वळणावर क्लिप घट्ट बसायची. निवृत्त झाल्यावर ठोकायला तारा उरल्या नाहीत, तेव्हा तो माणसं सरळ करायला लागला. बायको वेळेत सुटली, असं शेजारी म्हणत. मग तावडीत सापडली सून.

सून दुभाषी होती. दवाखान्यात डॉक्टरची भाषा पेशंटला कळेनाशी झाली की हिला व्हिडिओवर बोलावत. केस नीट करून, खोलीचं दार लावून ती बसायची, आणि कुणी छातीत नेमकं कुठं दुखतंय ते सांगत असताना नेट जायचं. मिनिटाभराने यायचं, परत जायचं. शेवटी कंपनीने कळवलं: मंगळवारी अकराला आमचा माणूस ऐकत बसेल. त्या वेळी लाइन तुटली तर यादीतून तुमचं नाव काढू.

ओळंबा हॉलमध्ये बसून, नेटच्या डब्यावरचा दिवा आणि घड्याळ बघून, नेट कधी गेलं ते वहीत लिहीत होता.

"अठ्ठावीस वेळा गेलं," तो म्हणाला. "त्यातल्या तेवीस वेळा तू दार लावून बसलीस तेव्हा. मी दुपारी झोपतो तेव्हा बरं जात नाही?"

"तेव्हा तुम्ही लिहीत नसता, बाबा."

"काम करायचं नसेल तर सरळ सांग, सूनबाई. नेटच्या नावाने गळा कशाला काढतेस?"

"तुमच्या खात्याचा फोन आठवड्यातून चार दिवस मुका असायचा. तुम्ही तर बोलूच नका."

 

मंगळवारी साडेनऊला इंटरनेटवाला आला. ही चौथी खेप. आधीच्या तिघांपैकी एकाने डबा बदलला होता, दुसऱ्याने रस्त्यावरच्या खांबाला दोष दिला होता, तिसऱ्याने डबा बंद करून चालू केला आणि सही घेतली होती. याने मात्र उभ्या उभ्या सगळी वही वाचून काढली.

"काका, दार लावलं की जातं, हे तुम्हीच लिहिलंय."

"मी तेच म्हणतोय. हिचं दार लागलं की—"

"ताईंचं सोडा. दाराचं बोला." त्याने सुनेच्या खोलीचं दार धाडकन आपटलं. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला.

मग त्याने पडदे ओढायला लावले आणि नेटच्या तारेच्या टोकाला एक बारीक टॉर्च लावला. अंधारलेल्या हॉलमध्ये दाराच्या चौकटीभोवती चार ठिकाणी तार लाल पेटली. चारही काटकोन.

"हे कुणी ठोकलं?"

"मी. तुमचा माणूस कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबती सोडून गेला होता."

"शहाणा होता तो. काका, हिच्यात तांबं नाही, काच आहे. आतून उजेड जातो. अशी मुरगळली की उजेड कोपऱ्यातून बाहेर सांडतो. दार आपटलं की आणखी चेपते."

"एकतीस वर्षं मी—"

"तांब्याची, काका."

"क्लिपांना हात लावायचा नाही. चौकटीचा रंग उडेल."

सुनेने सासऱ्याची हत्यारपेटी उघडली.

"ती माझी पक्कड आहे."

"हो, दिसतंय की."

चार क्लिपा तिने स्वतः उपटल्या. प्रत्येकीबरोबर रंगाचा पोपडा आला. इंटरनेटवाल्याने तारेला सैल, गोल वळसे दिले आणि मीटर लावला.

"पुष्कळ सुधारलं. पण अजून कुठंतरी गळतंय. आणखी कुठं वळवलीय का, काका?"

"तुम्ही जाणकार. शोधा."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "जाऊ दे. बहुतेक चालेल."

"बहुतेक?" सून म्हणाली.

"ताई, मला अजून सहा घरं आहेत."

तो गेला तेव्हा पावणेअकरा झाले होते. सून कपडे बदलायला खोलीत गेली; पक्कड रागाने हातातच राहिली होती, तीही आत गेली. ओळंबा चौकटीवरचे वळसे बघत उभा राहिला. घराची आतडी बाहेर काढून टांगावीत, तसं त्याला ते दिसत होतं.

पाचवा काटकोन चपलांच्या कपाटामागे होता. तो ठोकणाऱ्यालाच माहीत होता.

त्याने कपाट वीतभर सरकवलं, कुशीवर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. पक्कड आत गेली होती; हाताशी चहाचा चमचा होता, त्याच्या दांड्याने क्लिप उचकटायला लागला. नख फाटलं. क्लिप सुटली. तार हलकेच सैल करून त्याने कपाट होतं तिथं ढकललं आणि बोट धुऊन खुर्चीत येऊन बसला.

अकराला दार लागलं. पावणेबारापर्यंत उघडलं नाही. सून पाणी प्यायला बाहेर आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही गेलं. नाव राहिलं यादीत."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. दारातच थबकला. "चौकटीचं हे काय झालं?"

"तुझ्या बाबांनी तार चार ठिकाणी चेपली होती," सून म्हणाली. "आणि दोन महिने मला कामचुकार म्हणत होते."

मुलाने बापाकडे पाहिलं.

"पाच," ओळंबा म्हणाला.

"काय पाच?"

"पाच ठिकाणी. नीट मोजता येत नसेल तर माणसाने बोलू नये."