स्टो पेटलाय ओ!

आक्का स्टो कानाशी धरून हलवायच्या. दोन्ही हातांनी तो वातीचा स्टो उचलायचा, उजव्या कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि हळूच डुचमळवायचा. आत रॉकेल वाजलं की चेहरा खुलायचा.

"जीव हाय अजून," म्हणायच्या आणि स्टो खाली ठेवायच्या.

आवाज आला नाही, तर तोच स्टो पुन्हा जरा रागाने हलवायच्या, झोपलेल्या नवऱ्याला उठवावं तसा. बाकीच्या बायका टाकीत काडी बुडवून रॉकेल बघायच्या. आक्कांचा काडीवर विश्वास नव्हता. स्टोच्या काजळीने त्यांचा उजवा कान मात्र कायम काळा असायचा. माझी बायको एकदा पदराने पुसायला गेली, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी, दागिना हाय त्यो माजा. चोर न्हेत न्हाई."

हे राहुरीतलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी कालव्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या एका लाईनीत भाड्याने राहत होतो. गॅससाठी नंबर लावलेला होता, आणि तो नंबर लागेपर्यंत आपली पेन्शन सुरू होईल असं सगळेच हसत म्हणायचे. लाईनीतल्या पहिल्या खोलीत आक्का एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नगरला एमआयडीसीत. त्या बियाण्याच्या शेतावर रोजाने जायच्या. दारावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि दाराबाहेर ओसरीवर तो स्टो. लाईनीत स्टो प्रत्येकाकडे होता. पण पेटायचा तो आक्कांचाच.

रॉकेल रेशनवर मिळायचं, निळं, आणि कधीच पुरायचं नाही. थंडीत तर अंघोळीच्या पाण्यातच महिन्याचा कोटा संपून जायचा. आक्कांचं म्हणणं असं, की रॉकेल जळण्यात जात नाही, पेटवण्या-विझवण्यात जातं. "घरोघरी भडका, घरोघरी फूंक! सारं रॉकेल वासावारी गेलं. समद्यांनी मिळून एकदाच पेटवायचा आन् इझंल तवा इझंल." त्यामुळे आळीपाळीने प्रत्येक खोलीने त्यात रॉकेल घालायचं आणि सगळ्या लाईनीने तो वापरायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे आक्कांनी ठरवलं.

सकाळी आरोळी यायची, "स्टो पेटलाय ओ!"

मग जी धावपळ उडायची ती तुम्ही बघायला हवी होती. कोणी दुधाचं पातेलं घेऊन पळतंय, कोणी अर्धवट दाढीच्या फेसासकट चहाचं आधण घेऊन उभं. आक्का मधोमध पाटावर बसलेल्या. क्रम त्यांच्या डोक्यात पक्का. जाळ जोरात असताना दूध आणि चहा, मग अंघोळीच्या पाण्याचं मोठं पातेलं, जाळ मंदावला की डाळ. विझल्यावरही सुटका नव्हती. गरम जाळीवर कोणाचा पापड, कोणाचं कानात घालायचं तेल. एकदा मी ओले मोजे आणले, तर आक्का माझ्याकडे बघत राहिल्या.

"पापडाच्या आदी का नंतर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं."

"नंतर. आन् ह्येच्या फुडं पापड कुनी मागितला तर मोजे दावीन."

दिवस मावळताना दुसरी पाळी. ती विटांची. राहुरीत पौषात कालव्यावरून जो गारठा यायचा, त्यापुढे आमच्या पत्र्याचं काही चालत नसे. स्टो खोलीत न्यायला आक्कांची सक्त मनाई होती. धूर छातीत जातो म्हणायच्या. त्याऐवजी त्या तव्यावर विटा तापवायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळून ज्याच्या त्याच्या हवाली करायच्या. ती वीट अंथरुणात पायाशी ठेवायची. आमचे पाय त्या काळी श्रीमंतांचे होते. आक्कांचे गुडघे फार दुखायचे, त्यांची वीट जरा मोठी, मधून तडा गेलेली. तिला त्या 'म्हातारी' म्हणायच्या.

त्याच लाईनीत असताना आमची मुलगी जन्मली. दिवस भरायच्या आधीच आली, आणि मुठीएवढी. नगरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की हिला थंडी लागता कामा नये, बाळ सतत उबेत राहिलं पाहिजे. बोलणं सोपं होतं. बाहेर थंडीची लाट, वर पत्रा, आणि रेशनच्या दुकानाबाहेर खडूने लिहिलेलं, 'रॉकेल नाही'. आमच्या दुकानाचा टँकर कुठे अडला होता कोण जाणे. बायको बाळाला छातीशी धरून बसायची आणि माझ्याकडे बघायची. मी तिची नजर चुकवत होतो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

आक्का आल्या, बाळाचे तळवे आपल्या गालाला लावून पाहिले आणि तशाच उठून अंगणात गेल्या.

"ऐका रं समदे! आजपसनं गरम पान्यानं कुनी आंगूळ करायची न्हाई. लेकरू तापवायचंय, तुमाला न्हाई!"

दुसऱ्या दिवसापासून हापशावर जे काही चालायचं ते ऐकून रस्त्यावरची माणसं थांबायची. धिप्पाड बाप्ये गार पाणी अंगावर घेऊन किंचाळत होते, उड्या मारत होते. शेजारच्या खोलीतले कंडक्टर तर पहिल्या तांब्याला "धरा, धरा, पुढे सरका!" असं ओरडायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग स्वतःची पाळी आली की त्याहून मोठ्याने ओरडायच्या. आक्का मजेत स्टो हलवत बसायच्या. रॉकेल आता फक्त विटांसाठी. बाळाच्या दोन्ही बाजूंना दोन आणि पायाशी एक. पायाशी होती ती 'म्हातारी'. हे मला दोन दिवसांनी कळलं, आक्का भिंतीला धरून चालताना दिसल्या तेव्हा.

"आक्का, तुमची वीट?"

"तिला नात झाली. गेली बाळंतपनाला."

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळपासून आभाळ, ऊन नाही, वारा असा की हाडं वाजावीत. संध्याकाळी आक्कांनी स्टो कानाला लावला. हलवला. परत हलवला. शेवटचं रॉकेल होतं. त्यावर त्यांनी कशाबशा विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि ओसरीवर ठेवल्या. त्याच ओसरीवर कंडक्टरांच्या बायकोने भाकरीचं गाठोडं ठेवलं होतं, कारण कंडक्टरांची त्या दिवशी घोडेगावकडची मुक्कामी गाडी होती. फडकं तसंच, जुन्या धोतराचं. आक्कांनीच फाडून सगळ्यांना वाटलेलं.

थोड्या वेळाने माझ्या बायकोने बाळाच्या पायाशी हात घातला आणि ओरडली. आम्ही गाठोडं सोडलं. आत बाजरीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

"म्हातारी कुठंय?" आक्का म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणाला त्यांना आणि मला एकदमच समजलं. म्हातारी घोडेगावच्या वाटेला लागली होती. वजनावरून शंका यायला हवी होती, पण कंडक्टरांना बायकोच्या भाकरीची सवय होती.

गाडी स्टँडवरून निघून आमच्या कोपऱ्यावरून वळायची. गुडघे दुखणाऱ्या आक्का भाकरीचं गाठोडं उंच धरून जे धावत सुटल्या, मी मागे पडलो. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला.

"माजी वीट द्या!" आक्का ओरडल्या. "आन् तुमची भाकर घ्या!"

गाडीभर माणसं. बाजाराहून परतणारी, शेळी मांडीवर घेतलेली, घोंगडीत गुरफटलेली. कंडक्टर गर्दीत पार मागच्या बाजूला अडकलेले. त्यांनी पिशवीत हात घातला, आणि त्यांचं तोंड असं झालं की मला ते आजही दिसतं. "अगं आई गं, मी म्हणतोय पिशवी गरम कशी!" त्यांनी वीट पुढच्याच्या हातात दिली. "पुढं द्या, दारात म्हातारबाई आहेत त्यांना द्या."

वीट हातोहात निघाली. पण थंडी सगळ्यांनाच होती.

"आयला, काय झकास ऊब हाय!" पहिला म्हणाला आणि धरूनच बसला. दुसऱ्याने ओढून घेतली आणि पोटाशी लावली. एका बाईने आपल्या पोराचे कान शेकून घेतले. एका आजोबांनी तर डोळे मिटून ती गालालाच लावली. शेळीलाही कोणीतरी लावून बघितली. भाकरी मागे गेली, वीट पुढे आली, आणि आक्कांच्या हातात पडली तेव्हा ती थंडगार होती.

आक्कांनी ती दोन्ही हातांत धरली. मग त्या पायरीवर मटकन बसल्या आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "समदी ऊब खाल्ली रं तुमी! लेकराची हुती ती. आता स्टोत जीव न्हाई."

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. कंडक्टर माणसांतून वाट काढत दारापर्यंत आले, त्यांनी घसा खाकरला.

"गाडीत कुणाकडं रॉकेल आहे का?"

कोणी हललं नाही. कसं हलणार? एसटीत रॉकेल न्यायला बंदी, आणि याच कंडक्टरांनी कितीजणांना बाटल्यांसकट खाली उतरवलेलं. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. शेळीसुद्धा.

कंडक्टरांनी टोपी काढली. "मी आता डोळे मिटून उभा राहतो. मला काही दिसत नाही, वास तर मला येतच नाही, पडसं झालंय. बाळ माझ्या शेजारचं आहे. पाया पडतो."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले. मग एका घोंगडीतून एक बाटली निघाली. एका लुगड्याच्या ओच्यातून दुसरी. पेंडीच्या पोत्यातून, पिठाच्या डब्यातून, छत्रीच्या आतून! अर्धी गाडी रॉकेल लपवून चालली होती. गालाला वीट लावणारे आजोबा सगळ्यांत शेवटी उठले आणि कोटाच्या आतल्या खिशातून औषधाची छोटी बाटली काढून म्हणाले, "कंदिलापुरतं हुतं. घे बाई, आमी अंधारात जेवतो." ड्रायव्हरने खाली उतरून कुठूनसा डबा आणला. त्यात ओतताना सगळी गाडी हसत होती, आणि कंडक्टर डोळे मिटून विचारत होते, "झालं का? उघडू का?"

आक्कांनी डबा उचलून कानाला लावला, हलवला. आधी हसल्या, मग रडल्या.

"जीव हाय," त्या म्हणाल्या. "लई जीव हाय."

बाळ वाचलं. त्या आठवड्यात टँकर आला, थंडी उतरली, मुलीच्या गालांवर मांस चढलं. पुढे गॅसचे नंबरही लागले आणि लाईनीतली माणसं पांगली. आम्ही नगरला बदलून आलो. आक्का शेवटी मुलाकडे राहायला गेल्या, तिथे त्यांना गॅस मिळाला. सिलेंडर काही उचलवेना, म्हणून त्या खाली वाकून त्यालाच कान लावायच्या आणि "ह्यो बोलतच न्हाई" अशी तक्रार करायच्या.

मुलगी दुसरीत असताना आक्का गेल्या. पुण्यानुमोदनाला त्यांच्या मुलाच्या घरी सगळी लाईन जमली, कंडक्टरही आले. कार्यक्रम झाला, भंते गेले, आणि मग आम्ही सगळे अंगणात नुसते बसून राहिलो. सगळ्यांना हसवणारं माणूस गेलं की असंच होतं. मला आक्कांची फार आठवण येत होती.

आमची मुलगी कुठे दिसेना. बघतो तर ती मागच्या ओसरीवर होती. कोपऱ्यात तो स्टो ठेवलेला, त्याच्या शेजारी म्हातारी. पोरीने दोन्ही हातांनी स्टो उचलला, उजव्या कानाला लावला, डोळे मिटले आणि हलवला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. रांगत असताना बघितलं असेल तेवढंच.

"बाबा," ती म्हणाली, "आहे अजून."

कंडक्टरांनी खिशातून काडेपेटी काढली. वाती पेटल्या. कोणी सांगायच्या आत माझी बायको चहाचं पातेलं घेऊन आली, आणि कंडक्टर अंगणाकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "स्टो पेटलाय ओ!"

सगळी लाईन धावत आली. ढकलाढकली, हसणं, डोळे पुसणं. मुलीचा उजवा कान काळाकुट्ट झाला होता. बायकोने पुसायला पदर उचलला, आणि तसाच खाली सोडला.