मूठमूठ सावर

गादीवाली आत्या तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या गाद्यांवर झोपायची आणि तिच्या जिभेला वचकून असायची. आईवेगळ्या भाचीला तिनेच लहानाचं मोठं केलं. कौतुक मात्र कायम तिच्या माघारी. पोरगी सोळा वर्षांची झाली तरी "दाभण आहे ते, भाला नाही" हे रोजचंच होतं.

लढाई शहराच्या तोंडाशी आली, तेव्हा गल्लीने समुद्रावाटे निघायचं ठरवलं. बोट मिळाली ती मासेमारीची, जुनी. बोटवाल्याने आधीच हात वर केले होते: "उलटली तर मी काही करू शकणार नाही. तरंगायची सोय आपापली बघा." सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. सावरीचा कापूस पाण्यावर राहतो, साधा कापूस पाणी पिऊन तळाला जातो, हे गादीवाल्यांना ठाऊक असतं. लोकांनी घरातल्या सावरीच्या उशा आणून टाकल्या. आत्याने त्या फोडून मेणकापडाची जाकिटं शिवायला घेतली. दुकानभर सावर उडत होती आणि दोघी शिंकून शिंकून बेजार झाल्या होत्या.

निघायच्या दिवशी दुपारी भाची जाकिटं हातगाडीवर रचत होती. एक उचललं आणि तिचा हात थबकला. ते जड होतं.

"आत्या, हे कुणाचं?"

"माझं. मी जाड, म्हणून ते जड."

"यात साधा कापूस आहे."

"सावर संपली. आता गल्लीभर बोंबलू नकोस."

भाचीने जाकीट बाजूला ठेवलं. आत्याला पोहता येत नव्हतं. "सगळ्यांच्या जाकिटांतून थोडी थोडी काढू या ना."

"खबरदार! गिऱ्हाइकाचा भरलेला माल उसवायचा नाही."

एकदा भरून शिवलं की ते गिऱ्हाइकाचं, त्यातली चिमूटसुद्धा परत घ्यायची नाही, हा आत्याचा नियम. एरवी भाचीने गुमान मान खाली घातली असती.

"नियम गेला खड्ड्यात! तू बुडालीस तर मला कोण आहे गं?"

 आत्याने कात्री पुढे सरकवली.

भाचीने आधी स्वतःचं जाकीट उसवून मूठभर सावर काढली. मग गाडी ढकलत धक्क्यावर गेली आणि जमलेल्या माणसांना सरळ सगळं सांगितलं. कुणी जाकीट पुढे करेना. जिवावर बेतलेलं असताना वाटा काढून देणं सोपं नसतं, आणि त्यासाठी कुणाला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. शेवटी शिंपीणकाकू पुढे आली. "माझ्यातली घे मूठभर. लेकराच्या जाकिटाला मात्र हात लावू नकोस." लेकरांच्या जाकिटांना भाची शिवलीही नाही. बाकीच्यांनी दिली, काहींनी तोंड वाकडं करून. एका म्हाताऱ्याने नाही म्हटलं. ती पुढे गेली. आत्याच्या जाकिटातला साधा कापूस काढून तिने गोळा झालेली सावर त्यात भरली.

"गाठीच गाठी! ही काय भरायची रीत?" आत्या करवादली. पण जाकीट घातलं.

पलीकडचा किनारा दिसू लागला होता, तेव्हा लाटेने बोट आडवी केली. भाची खाली गेली, वर आली, खोकली. आजूबाजूला डोकी दिसत होती. आत्या दिसत नव्हती. लाटांपलीकडून कुणीतरी जाकिटातल्या गाठींवरून भाचीच्या नावाने शिव्या घालत होतं, न थांबता. रडू आणि हसू एकदमच फुटलं, आणि ती त्या आवाजाच्या दिशेने हात मारू लागली.