आठ वाजताचं रीडिंग

धाटावच्या केमिकल कंपनीत मी तीस वर्षं ऑपरेटर होतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान दर तासाला बघायचं, लॉगशीटवर लिहायचं आणि शिफ्ट संपली की खाली सही ठोकायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मानेत गाठ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी लिम्फोमा सांगितला, सहा केमो घ्याव्या लागतील म्हणाले. घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण मला चौकशांची खाज लहानपणापासूनची, ती काही भीतीने गेली नाही.

आधी त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. गाठ मानेत आणि हे दात कसले बघतायत, असं मी तोंडावर विचारलं. तर म्हणे, औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा एखादा किडका दातसुद्धा जिवावर बेततो. मग उंची-वजन घेऊन डोस काढला. हे मात्र लगेच पटलं. बॅच केवढी, त्यावर माल किती टाकायचा, आमच्याकडेही तेच.

पहिल्या केमोला सिस्टर जाड हातमोजे आणि एप्रन घालून आल्या. हातात लाल औषधाची सिरिंज. मला हसू फुटलं. कंपनीत हातमोजे घालून जे हाताळायचं ते ड्रममध्ये जायचं, इथे ते माझ्यात चाललं होतं. सिस्टर म्हणाल्या, लघवी लाल होईल, घाबरू नका. घाबरतोय कोण, मी तर वाट बघत बसलो. झाली तेव्हा बायकोला हाक मारली, ‘अगो, बघ तरी.’ ती म्हणाली, ‘मेलं, माणसाला कसली कसली बघायची हौस.’ पण बघून गेली.

घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. ताप शंभराच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन घरी झोपायचं नाही, तडक निघायचं. पेशी उतरलेल्या असताना आलेला ताप काही तासांत माणूस नेतो.

रोह्यासमोर नदीपलीकडे अष्टमी गाव, तिथे घरी आल्यावर मी कागदावर रेघा मारून लॉगशीटच आखली. ताप, पाणी, उलटी, आणि तोंडाची चव दहापैकी किती. बायको म्हणाली, ‘कंपनी घरात आणलात व्हय?’ ती पेणजवळच्या खाडीकाठची, माहेरी मिठागरं. तिची चौथीपर्यंत शाळा, वाचते सावकाश पण एक अक्षर सोडत नाही. तोंड आलं तेव्हा गुळण्यांना मीठ तिने माहेरूनच मागवलं. दुकानातल्या मिठाने काय वाईट होतं, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

केस दोन आठवड्यांत गेले. चवीचं तर नवलच होतं. चहा पत्र्यासारखा लागायचा आणि आयुष्यात न आवडलेलं कारलं गोड वाटायचं. चवीच्या रकान्यात मी कारल्याला आठ मार्क दिले. ती म्हणाली, ‘तीस वर्सं माझं कारलं नको होतं, आता औषधाने अक्कल आली.’

दुसऱ्या केमोनंतरच्या दहाव्या दिवशी दुपारी अंग मोडून आल्यासारखं झालं होतं. उठून थर्मामीटर लावायचा कंटाळा आला. मग मी जे केलं ते कंपनीत सगळेच करायचे. रीडिंग हलत नाही हे ठाऊक असलं की पुढचे रकाने आधीच भरून मोकळं व्हायचं. चार, आठ, बारा, पहाटे चार, सकाळी सहा. सगळीकडे ९८.४. खाली सही केली आणि पडलो.

बायको चहा घेऊन आली, कागद उचलून बोट फिरवत वाचायला लागली.

‘अवो, वाजले किती?’

‘चार वाजत आले असतील.’

‘मग आठचा ताप कुठनं आला?’

मी म्हटलं, ‘लॉग असाच भरतात.’

‘आमच्या आगरात मीठ पिकायच्या आधी कोन मोजत नाय,’ ती म्हणाली आणि तिने माझ्या मानेवर तळवा ठेवला. तिचा चेहरा एका क्षणात उतरला. थर्मामीटर लावला, मीच वाचला, १०१.२.

पुढे सगळं तिनेच केलं. शेजाऱ्याची जीप, पूल ओलांडून रोह्याच्या डॉक्टरकडे इंजेक्शन, तिथून सरळ मुंबई. पेण आलं तेव्हा तिने माहेरच्या रस्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कुडकुडत होतो आणि तरीही मनात एकच, की आता किती असेल? वॉर्डात पोचलो, रक्त घेतलं, सलाईन चढलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टर तिला म्हणाले, ‘उद्या सकाळी आणलं असतंत तर मी काही करू शकलो नसतो.’

हे ऐकताना मला कळलं की सकाळी सहाच्या रकान्यात मी ९८.४ लिहून ठेवलंय. त्या रकान्यापर्यंत मी पोचणार की नाही हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, आणि खाली माझी सही होती. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तो कागद तिने पदरात बांधून आणला होता. सिस्टरकडून पारा वाचायला शिकली. आधी दुपारी चारचा आकडा खोडून १०१.२ लिहिलं. आठ वाजता ९८.४ वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, १०२.८. बाराला १०२. पहाटे चारला १००.६. प्रत्येक वेळी माझा एक आकडा खोडला. शेवटी माझी सहीही खोडली.

सकाळी सहाला ताप ९९.२ भरला. तिने ते लिहिलं, दोनदा वाचलं, मग कागद आणि पेन माझ्यासमोर धरलं.

‘आता करा सही,’ म्हणाली आणि तोंड पदरात घालून रडायला लागली.