आजीच्या हाताचा आकडा

९ डिसेंबर २०२४, सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत बसून मी आजीचा त्या दिवसाचा रक्तदाब तक्त्यात लिहिला: १२८/८२, नाडी ८४. आकडा उत्तम होता. म्हणूनच मला तो खटकला.

आजी वर्ध्याजवळ सिंदीला राहत असे. बुद्धवंदना आटोपली की यंत्राचा पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचे आणि मला फोनवर आकडे वाचून दाखवायचे, असे मी पीएच.डी.साठी निघताना ठरले होते. माझी अट एकच: वरचा आकडा सलग दीडशेच्या वर गेला, तर मी काम सोडून परत येईन. सुरुवातीला आकडे काठावर होते. मग ते अचानक सुधारले.

तिच्या गोळीने नाडी मंदावते, हे मला ठाऊक होते. तिची नाडी साठच्या वर जात नसे, आता ती चौऱ्याऐंशी होती. ती गोळ्या घेत नसावी, हा पहिला संशय. पण मग रक्तदाबही चढायला हवा होता. तो तर उतरला होता. दुसरा संशय यंत्रावर. तिसरा घरातल्या काकूवर: तीच मनाचे आकडे सांगायला लावत असेल काय? संशय घेणे मी आजीकडूनच शिकले होते. मजुरीने कापूस वेचायची तेव्हा मोजणीच्या वेळी ती काट्यावरून नजर हलवत नसे. "काटा पाहाव वं, मानसाचं तोंड नाई," असे ती म्हणे.

म्हणून न कळवता निघाले. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास अंगणात उभी राहून मी नेहमीसारखा फोन लावला. खिडकीतून आतले सारे दिसत होते. आजीची वेचणीतली जोडीदारीण, शेजारची म्हातारी, खाटेवर बसली होती. पट्टा तिच्या दंडाला होता.

"रोज माह्याच हाताले फास," ती कुरकुरली. "तुह्या नातीले सांग, मले पगार दे म्हना."

"चूप राय, फोन वाजून राह्यला." आजीने फोन उचलला. "हं बेटा. एकशे तीस, खाली चौऱ्याऐंशी. नाडी ब्याऐंशी."

"हात कोणाचा, आजी?"

"माहाच. दुसऱ्याचा कोठून आनू?"

मी उंबरा ओलांडला. शेजारीण आधी दचकली, मग खो खो हसली. "घ्या! आता माह्या हाताचा पंचनामा."

आजी ओशाळली नाही. "मले ताप असला का हे बाई आपला कापूस माह्या ओटीत टाके. माही मजुरी बुडू देत नोती. आता हात देला त काय झालं?"

"पण काऊन?"

"तूच म्हनलं, दीडशेच्या वर गेलं का वापस येतो. येऊन काय करशीन? माही नाडी धरून बसशीन?"

मी आजीचा दंड ओढून पट्टा बांधला. १७४/९८, नाडी ५६.

सकाळी वर्ध्याच्या डॉक्टरांनी आधीच्या गोळीला आणखी एक जोडून दिली. मी परत जावे, ही आजीची अट. हात तिचाच असावा, ही माझी. विश्वास मात्र मी ठेवला नाही. रोज आधी नाडी विचारत असे आणि ती साठच्या आत असल्याशिवाय पुढचे काही लिहून घेत नसे. "घे, पोलीसबाई," ती चिडवायची, "आधी नाडी."

मार्चमधल्या एका सायंकाळी आजीने फोन उचलला. ती आकडे वाचणार, तोच मागून शेजारणीचा दबका आवाज आला, "देऊ का वं माहा हात?"

"नाई. राहू दे."

मी त्याच रात्रीची गाडी पकडली. पोचले तेव्हा ती हयात नव्हती. पण त्या सायंकाळी तिने, मी न विचारताच, नेहमीच्या क्रमाने, एकेक आकडा सावकाश वाचला होता. नाडी छपन्न. वर एकशे शहाऐंशी, खाली एकशे चार.