मास्तरांच्या घरची मार्गारिटा

डहाणूत दारू पिऊन वाया गेलेली माणसं हवी तेवढी मिळतील, पण स्वतः थेंबही न घेता, नुसती दुसऱ्यांना पाजण्यापायी वाया गेलेला माणूस एकच. आमच्या हिचा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर या गृहस्थाने मार्गारिटा करायला घेतली. बरं, करावी तर गुपचूप करावी! छे! शनिवार आला की फोन, "जावईबापू, या. आज प्रयोग आहे."

प्रयोग म्हणजे प्रयोगच हो. ओट्यावर पांढरं फडकं, त्यावर काचेचं मोजपात्र, चहाची गाळणी आणि वहिनींचा शेवेचा घट्ट झाकणाचा डबा. टकीला मुंबईहून मागवलेली, तिच्यात घालायची संत्र्याची गोड दारू त्याहून महाग, लिंबं तेवढी नरपडच्या वाडीतली. डोळा रेषेशी आणून दादा रस मोजणार; थेंबभर जास्त पडला की सगळं मोरीत, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आपले ताटकळत. मग बर्फ घालून तो डबा असा खळखळवायचे की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. एवढं करून पेला हातात आला तरी सुटका नाही, घोटागणिक तोंडी परीक्षा. "आधी काय लागलं? आंबट की गोड?" मी एकदा म्हटलं, "दादा, आपल्याकडे इतका चिकू पिकतो, थोडा घालून बघा की." झालं! माझ्याशी अबोला, आणि हिच्याकडे निरोप, "तुझ्या नवऱ्याला मिल्कशेकच्या गाडीवर नेऊन बसव." लिंबं देणारा वाडीवाला तर तोंडावर म्हणाला, "मास्तर, यापरीस आमची ताडी बरी. ती परीक्षा तरी घेत नाय."

हसायचो खरे, पण हा खटाटोप कुणासाठी, ते आम्हाला ठाऊक होतं. दादांना एकुलती एक मुलगी, बंगळुरूला नोकरीला. मैत्रिणीच्या लग्नात मार्गारिटाचा पेला हातात धरलेला तिचा फोटो कुणीतरी आगाऊपणे दादांना दाखवला. यांनी फोनवरच सुनावलं, "असली थेरं करायची तर या घराची पायरी चढू नकोस." पोरगी बापाचीच. नाही चढली. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द बोलले असते तर काम भागलं असतं, पण मास्तरकीत मुरलेल्या माणसाला ते कुठून जमणार? त्याऐवजी ती येईल तेव्हा आपल्या हाताने करून देऊ म्हणून हे मार्गारिटा शिकत बसले. धन्य त्या अकलेची!

वहिनींच्या मिनतवारीने गेल्या मे महिन्यात ती एकदाची आली. दादांनी मार्गारिटाच्या रीतीप्रमाणे पेल्यांच्या काठांना लिंबू फिरवून मीठ लावलं आणि बर्फ काढायला वळले. तेवढ्यात, शनिवारच्या प्रयोगांकडे कधी न फिरकलेल्या वहिनींनी एकेक पेला पदराने लख्ख पुसून काढला. "अगं बाई, काठांना हे काय लागलंय!" घाईत दादांच्या ते लक्षातच आलं नाही. मुलीने घोट घेतला, थांबली.

"बाबा, मीठ नाही?"

दादांचं तोंड एवढंसं झालं. एवढी तालीम करून नेमकं तेव्हाच! मिठाची बरणी घेऊन धावले, पण तिथवर पोचल्यावर हातातलं मीठ कुठे लावायचं तेच सुचेना. पोरीने सरळ तळहात पुढे केला. तिच्या तळव्यावर त्यांनी चिमूट सोडली. "तेव्हा तसं बोलायला नको होतं मी," ते म्हणाले. तिने मीठ चाटलं, पेला एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. वहिनी डोळे पुसायला आत गेल्या.

मागाहून अंगणात मला गाठून ती म्हणाली, "काका, मला नाही हो आवडत हे. कडू आणि आंबट! त्या फोटोत मी मैत्रिणीचा पेला नुसता धरला होता."

"मग तेव्हाच सांगायचंस ना!"

"बाबांनी विचारलं कुठे?"

दादांना मी हे अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पोर आता दर सुट्टीला येते. तिच्यासमोर पेला ठेवून दादा खुर्ची ओढून बसतात, तिच्या तोंडाकडे बघत. ती डोळे मिटून घोट घेते, आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणते, "मस्त झालीय, बाबा."