श्रेयाचा खोकला

माझ्या लेकीला खोकता येत नव्हतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

श्रेया अकरा वर्षांची होती. जन्मापासून स्नायूंचा आजार. डोकं एकदम तल्लख, पण छातीत जोरच नाही. साधी सर्दी झाली तरी कफ आत अडकून बसायचा.

म्हणून घरी मशीन होतं. तोंडाला मास्क लावायचा. मशीन छातीत हवा भरतं आणि झटक्यात ओढून घेतं. कफ वर येतो.

सकाळी, संध्याकाळी, आणि लागेल तेव्हा.

कुपवाडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या कानाला तो आवाज सवयीचा झाला होता.

जतला दिराचं लग्न होतं. पंगत बसली आणि हिची छाती घरघरायला लागली. मी म्हटलं, "चल, आतल्या खोलीत जाऊ."

"हितंच लाव मम्मी. समदी खोकत्यातच की. मीच का आत जाऊन खोकू?"

तिच्या पप्पांनी सोबत आणलेल्या मशीनची पिन डीजेवाल्याच्या बोर्डात घातली. त्यानं न सांगता गाणं बंद केलं.

सगळा मांडव बघत होता.

एका म्हातारीनं विचारलं, "आगं, पोरीला काय लावलंय त्ये?"

मास्क निघाल्यावर श्रेयाच बोलली. "खोकायचं मशीन हाय आज्जी. तुमाला लागत न्हाई. तुमी लय भारी खोकताय."

म्हातारी हसली, मग सगळेच.

थंडीत न्यूमोनिया झाला. मिरजेला ॲडमिट केलं. औषधं चालू, मशीन चालू.

कफ निघेना.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. "आता घशात नळी घालून व्हेंटिलेटर. पण त्यावरून ती परत निघेल असं मला वाटत नाही. तिला सगळं कळतंय. तिलाही विचारा."

पप्पांनी विचारलं.

"घरी," एवढंच म्हणाली.

आणलं.

बरोबर केलं का, मला माहीत नाही. कमेंटमध्ये कुणी सांगूही नका.

त्रास कमी व्हायची औषधं दिली होती. ती पडून असायची, आम्ही शेजारी. एका सकाळी मी मास्क घेऊन गेले तर तिनं मान हलवली.

"नको?"

"नको मम्मी. दमले."

ह्यांनी माझ्या हातातून मास्क घेतला आणि बाजूला ठेवला.

दुपारी ती गेली. टीव्हीवर कार्टून चालू होतं. कुणी बंद केलं, आठवत नाही.

मशीन आम्ही विट्याच्या एका छोट्या मुलाला दिलं. त्यालाही हाच आजार.

आज सकाळी त्याच्या आईचा फोन आला. "ताई, मास्क बघितला की रडतोय ओ. काय करू?"

म्हटलं, "आधी मशीन बंद ठेवून मास्क तुमच्या तोंडाला लावा. हसून दाखवा. मग त्याच्या हातात द्या. खेळू दे थोडं."

"बरं ताई."

फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

आजच्या दिवशी काहीतरी भावपूर्ण लिहायचं असतं म्हणे. मला अजून काहीच वाटत नाही.

श्रेया, नीट राहा बाळा.

तुझी मम्मी