चार खाटा, एक तार

उटनूरकडच्या त्या दवाखान्यात २००४ साली खाटा चार होत्या आणि शहराकडे जाणारी तार एकच. चौघांच्या हृदयाचे आकडे त्याच तारेवरून पाळीपाळीने जात: पहिल्या खाटेचा, दुसरीचा, तिसरीचा, चौथीचा, की पुन्हा पहिलीचा. शहरातल्या संगणकावर ते वेगवेगळे करायचा प्रोग्राम खुशालने लिहिला होता. खुशाल म्हणजे शेतमजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या विठाबाईंचा एकुलता एक; दवाखान्यातली यंत्रं तोच पाही.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी विठाबाई त्याचा डबा घेऊन आल्या, तेवढ्यात शहरातून डॉक्टर यशवंतरावांचा फोन आला. "एक नंबरला ताबडतोब शहरात हलवा. दोन नंबरची बाई ठणठणीत आहे, सोडा घरी."

निरोप ऐकून पहिल्या खाटेवरचा मोतीराम उडालाच. "मले? मी त आताच दोन भाकरी हाणल्या!"

दुसरीवरच्या चंपाबाई हरखून गाठोडं बांधू लागल्या, आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली. खुशालने त्यांचं मनगट धरलं. नाडी मधेच चुकत होती.

"काऊन थांबवतं रे? डाक्टरनं सोडलं ना?"

खुशालच्या ध्यानात आलं. वाटेत एक आकडा गळाला होता. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले होते, आणि चंपाबाईंचं दुखणं मोतीरामच्या नावावर चढलं होतं. प्रोग्राम नुसता मोजत होता. चुकलं हे त्याला कळणार कसं?

त्याने फोन उचलला. "साहेब, चूक माझी आहे. दोन नंबरचं पुन्हा, एकटीचं पाठवतो."

दुसऱ्यांदा आकडे गेले. अर्ध्या तासात चंपाबाई जीपमध्ये होत्या. मोतीरामने आपलं घोंगडं त्यांच्या पायावर टाकलं.

खुशाल डबा न उघडता बसून राहिला. सगळं ऐकून विठाबाई म्हणाल्या, "पेरताना ओळी मोजण्यात आमीबी चुकत होतो, बाप्पा. म्हून दर चार ओळींमागं अंबाडीची एक ओळ टाकू. कोठं चुकलं, ते अंबाडी सांगे."

त्याच आठवड्यात खुशालने दर चार आकड्यांपुढे एक ठरलेला आकडा घातला. तो जागेवर दिसला नाही, की प्रोग्राम वाटणी थांबवी आणि पुढचा तसा आकडा सापडल्यावरच पुन्हा सुरू करी. प्रोग्राममध्ये त्या आकड्याचं नाव त्याने अंबाडी ठेवलं. शहरातले इंजिनिअर हसले. नाव मात्र राहिलं.

दिवाळीआधी चंपाबाई तपासणीला आल्या, चालत. त्या दिवशीही विठाबाई डबा घेऊन दाराशी बसल्या होत्या. खाटेवर बसताना त्यांनी खुशालला जवळ बोलावलं.

"आता माया जीव मायाच खाटेवर हाये ना रे?"

"हो मावशी. तुमच्याच."

"मंग तो डबा खाय. माय केव्हाची वाट पाहून राह्यली."